स्ट्यूवर तरंगणारे गोळे

नोव्हेंबर लागला की आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधारून येतं. पाऊस वसईसारखा कोसळत नाही. तो दिवसभर भुरभुरत राहतो आणि वाऱ्याने आडवा होऊन कोटाच्या आत शिरतो. आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी हॉस्पिटलमधून अशीच भिजून घरी येत होते आणि शेजारच्या घरातून वास आला. परतलेला कांदा, शिजणारं मांस, आणि त्यामागे कॉफीसारखं काहीतरी कडवट. मी किल्ली हातात धरून दारात तशीच उभी राहिले. शेजारच्या आजींनी खिडकीतून पाहिलं असावं, कारण अर्ध्या तासाने टॉवेलात गुंडाळलेलं एक गरम भांडं आमच्याकडे आलं.

(इथे ऐंशीच्या बाईलाही सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. त्यांच्यासमोर मीही मारते. पण मराठीत लिहिताना ते माझ्याच्याने होत नाही, म्हणून आजी.)

झाकण काढलं तर वर पांढरे, फुगलेले गोळे आणि खाली बीफचा गडद तपकिरी रस्सा. एक गोळा चमच्याने फोडला. आतून जाळीदार, वरून कोरडा, आणि बुडाकडून रस्सा पिऊन तपकिरी झालेला. मला एकदम मिरज आठवली. नर्सिंगला असताना माझी रूममेट सांगलीची होती. सुट्टीत तिच्या घरी गेलं की तिची आई उकळत्या आमटीत लाटलेल्या कणकेचे तुकडे सोडायची. ती चकोल्या म्हणायची, तुमच्यातले बरेच जण वरणफळं म्हणत असतील. इथे आमटीच्या जागी मांसाचा रस्सा होता आणि कणकेच्या जागी मैदा, एवढाच फरक.

पुढच्या रविवारी मी रिकामं भांडं परत द्यायला गेले. रिकामं भांडं द्यायचं नाही म्हणून त्यात फुगे घातले होते, आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत सणाला तळतात ते. त्या दिवशी मी हा आयरिश स्ट्यू शिकवा म्हटलं, तर आजी म्हणाल्या, "शिकवते, पण गोळे आयरिश नाहीत हं."

त्यांचं लहानपण वेस्ट कॉर्कमधल्या शेतावर गेलं. त्यांच्या आईचा स्ट्यू म्हणजे मेंढीच्या मानेचं मांस, कांदा, बटाटा आणि पाणी. गाजर घालावं की नाही यावर इथली माणसं आजही हिरिरीने भांडतात. घरात गुरं होती, पण ती बाजारात विकण्यासाठी. घरच्या पातेल्यात बीफ क्वचित पडायचं. त्यांची मावशी १९५०च्या दशकात कामासाठी इंग्लंडला गेली, तिथे एका मोठ्या स्वयंपाकघरात राबली, आणि एका नाताळाला घरी आली तेव्हा चरबी घातलेल्या पिठाचे हे गोळे करून दाखवले. तेव्हापासून ते त्या घरात राहिले. परमुलखात पोटासाठी गेलेल्या बाईने हातातून आणलेला पदार्थ आहे हा. ऐकताना माझा घसा दाटला होता.

बीफ पातेल्यात का पडत नव्हतं, हे मला कॉर्कमध्ये राहून हळूहळू कळलं. माझा मुलगा शाळेत आयरिश भाषा शिकतो. एक दिवस येऊन म्हणाला, "आई, बो म्हणजे गाय." आपला 'गो' आणि त्यांचा 'बो' एकाच जुन्या मुळाचे. रस्त्याला ते 'बोहर' म्हणतात, त्यातही हीच गाय आहे, म्हणजे मुळात गुरांची वाट. मुलग्याला जो शब्द आहे त्याचा जुना अर्थ गुराखी. जुन्या आयर्लंडमध्ये माणसाची पत गायींवर मोजत, आपल्या गोधनासारखीच. गाय दुधासाठी आणि लोण्यासाठी जपायची, तिला कापून खायचं नाही. पुढे १७व्या-१८व्या शतकात याच कॉर्क बंदरातून खारवलेलं बीफ पिंपांत भरून इंग्रजांच्या आरमाराला आणि वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर जाऊ लागलं. शॅन्डन भागात १७७०मध्ये लोण्याचा मोठा बाजार उभा राहिला, जो पुढच्या शतकात जगातला सर्वांत मोठा ठरला. हे सगळं जहाजांत चढत होतं आणि गरिबाच्या ताटात बटाटा होता. १८४५मध्ये बटाट्यावर करपा पडला. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्या वर्षांतही धान्य आणि गुरं बंदरातून बाहेर जातच होती. आजी ताटातला बटाट्याचा शेवटचा तुकडासुद्धा टाकत नाहीत. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

मांस मी इंग्लिश मार्केटमधून आणते. हा बाजार १७८८पासून आहे, वर कमानींचं छत, मधोमध कारंजं. तिथे वजडी टांगलेली पाहिली तेव्हा वसईच्या बाजारात आल्यासारखं वाटलं. त्याच्या शेजारी रक्ताचं मऊ सॉसेज, ड्रिशीन, ते दोन्ही एकत्र दुधात शिजवून खाण्याची कॉर्कची जुनी रीत आहे. माझा खाटीक विचारतो, किती वेळ आहे तुझ्याकडे? तीन तास आहेत म्हटलं की पोटरीचं मांस देतो, ज्याला इथे शिन म्हणतात. त्यात पांढऱ्या शिरा असतात. कच्चं असताना ते चिवट दिसतं आणि नवखी माणसं त्याला नाकं मुरडतात, पण त्याच शिरा मंद आचेवर विरघळून रस्सा ओठांना चिकटेल इतका दाट करतात. महागडं, कोवळं मांस घेतलंत तर तीन तासांत त्याचा चोथा होईल.

पाच-सहा जणांसाठी एक किलो मांस घ्या, तुकडे दोन बोटं जाड, लहान नकोत. कागदाने कोरडे करा. ओलं मांस भाजलं जात नाही, उकडतं. मीठ, मिरी आणि दोन चमचे मैदा चोळून जाड बुडाच्या पातेल्यात थोडे थोडे भाजा. माझं पातेलं बिडाचं आहे. एकदम सगळे तुकडे टाकले की पाणी सुटतं. प्रत्येक तुकड्याच्या दोन बाजू तरी गडद तपकिरी होईपर्यंत हलवायचं नाही. मला हे फार जड गेलं, कारण आपला हात सतत ढवळायला सवकलेला. आजींनी माझ्या हातातला उलथणा काढून घेतला आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

मांस काढून त्याच पातेल्यात दोन मोठे कांदे आणि दोन काड्या सेलरी परता. कांद्याला घाई करू नका, त्याचा गोडवाच पुढे बिअरचा कडवटपणा सांभाळतो. मग साधारण ३०० मिली स्टाउट, म्हणजे काळी कडवट बिअर, ओता आणि बुडाला धरलेलं सगळं लाकडी चमच्याने खरवडून घ्या. जगात गिनेसचं नाव असलं तरी कॉर्कची माणसं स्वतःची बिअर धरून असतात. बीमिश इथे १७९२पासून आणि मर्फीज १८५६पासून. मी मर्फीज घालते, ती चवीला जरा सौम्य. अर्ध्या लिटरवर गेलात तर रस्सा कडू होतो, हे अनुभवाने सांगते. बिअर नको असेल तर नुसतं स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी, घाला, रंग फिका येईल पण स्ट्यू चांगला होतो.

नंतर मांस परत आत, वर ७०० मिली स्टॉक, थाइम या सुगंधी पाल्याच्या दोन काड्या आणि एक तमालपत्र. इथलं तमालपत्र म्हणजे लॉरेलचं पान, आपल्या बिर्याणीतलं नव्हे, झाडंच वेगळी. मूठभर बार्ली टाकली तर रस्सा आणखी अंगाबरोबर येतो. झाकण लावून अगदी मंद आचेवर दोन तास. मी ओव्हनमध्ये १५० अंशांवर ठेवते. दोन तासांनी गाजर, पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखं कंद) आणि लाल सालीचा रूस्टर बटाटा, सगळं मोठं चिरून. रूस्टर पिठूळ असतो, त्याच्या कडा विरघळतात आणि रश्श्याला मिळून येतात.

कुकरचा मोह मलाही झाला. मांस मऊ होतं, पण रस्सा पातळ राहतो, वेगवेगळ्या चवी एकमेकींत मुरत नाहीत. वेळ नसेल त्या दिवशी मी दुसरं काही करते.

आणि मसाला नाही. पहिल्या वेळी मी आईने पाठवलेला बाटली मसाला, म्हणजे आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांतला बाटलीत भरून ठेवायचा मसाला, घातला होता. घरच्यांनी आवडीने खाल्लं, पण ते आमचंच रविवारचं कालवण झालं, आजींच्या दारातला वास त्यात नव्हता. मीठ, मिरी आणि वेळ एवढ्यावर मांसाची चव उभी राहते यावर विश्वास बसायला मला तीन हिवाळे लागले.

आता गोळे. १५० ग्रॅम सेल्फ रेझिंग (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला) मैदा, त्याच्या निम्मी, म्हणजे ७५ ग्रॅम सूएट, अर्धा चमचा मीठ, मूठभर चिरलेली पार्स्ली. सूएट म्हणजे जनावराच्या गुर्द्याभोवतीची घट्ट चरबी, इथे किसलेली तयार मिळते. ती लोण्यासारखी लगेच वितळत नाही. पीठ शिजून धरायला लागतं तोवर ती कणाकणाने टिकते आणि मग विरघळते, तिच्या जागी पोकळी राहते. गोळ्याची जाळी ती हीच. गार पाणी थोडं थोडं घालून सुरीने कालवायचं, जेमतेम गोळा होईल इतकंच. पोळीची कणीक मळतो तसं मळलंत तर दगड होतील. आठ गोळे करा, लिंबाएवढे, कारण फुगून दुप्पट होतात. स्ट्यू हलका उकळत असताना वर अंतर ठेवून मांडायचे, बुडवायचे नाहीत, आणि झाकण घट्ट लावायचं.

मग वीस मिनिटं झाकण काढायचं नाही. मी पहिल्यांदा सहाव्या मिनिटाला पाहिलं, पुन्हा दहाव्या मिनिटाला पाहिलं. वाफ गेली, गोळे बसले, मधे कच्चट आणि बाहेरून चिकट राहिले. आजींनी तेही खाल्ले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला झाकणाला कान लावायला सांगितलं. आधी खालून नुसती बुडबुड ऐकू येते. गोळे फुगून तोंडाला आले की आवाज दबतो, जाड रजईखालून यावा तसा. तो बदल झाल्यावर आणखी पाच मिनिटं. आता मी घड्याळ लावत नाही.

महाराष्ट्रात २०१५पासून गायीबरोबर बैलाचंही मांस बंद आहे, त्यामुळे वसईला माझी आई हे म्हशीच्या मांसाचं करते आणि तीन तासांऐवजी चार तास ठेवते. ज्यांच्या घरात मोठ्याचं चालत नाही त्यांनी निःशंकपणे मटण घ्यावं, मानेचं किंवा खांद्याचं, आणि बिअर गाळावी. ते तर आजींच्या आईच्या स्ट्यूच्या जास्त जवळ जाईल. सेल्फ रेझिंग मैदा नसेल तर १५० ग्रॅम साध्या मैद्याला दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर. सूएटऐवजी फ्रीजरमध्ये कडक केलेलं लोणी किसून घाला, जाळी थोडी कमी पडेल, चव छान लागते.

स्ट्यू दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. गोळे मात्र उरवू नयेत, ते सगळा रस्सा पिऊन टाकतात. मी दुसऱ्या दिवशी उरलेल्या रश्श्याला तेलात परतलेला चमचाभर बाटली मसाला लावते आणि भाताबरोबर वाढते. गेल्या सोमवारी तो उकळत असताना आजी माझ्या मुलाचं आयरिशचं पुस्तक परत द्यायला आल्या. दारातच थांबून त्यांनी श्वास घेतला, मग कोट काढला आणि टेबलापाशी बसल्या. ताट पुसून खाल्लं. निघताना म्हणाल्या, त्या बाटलीतलं थोडं कागदात बांधून दे, रविवारी लेक येणार आहे.