वय वर्षे एकोणीस

बेळगावात मी फौजदारी वकिली करते; गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडूनही कामं येतात. हे त्यातलंच. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून तांब्याची वायर चोरल्याचा आरोप, कागदावर वय १९, रवानगी थेट हिंडलगा जेलात. भेटायला गेले तर समोर मिसरूडही धड न फुटलेला पोरगा.

"वय किती रे?"

"एकोणीस." पाढा म्हटल्यासारखं.

खरं काय ते आईनं सांगितलं. "सोळा संपलीत हो बाई त्याला. कंत्राटदारच म्हणाला होता, कोण विचारलं तर एकोणीस सांग, नाहीतर कामाला घेत नाही." काम जाईल या भीतीनं पोरानं पोलिसांनाही तेच सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. कागद मागायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सातवीपर्यंत तो चंदगड तालुक्यात आजोळी शिकलेला. शिनोळीची हद्द ओलांडून शाळा गाठली. गुरुजींनी जनरल रजिस्टर काढलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्याच्या नावापुढं जन्मतारीख १ जून. वरच्याची १ जून, खालच्या दोघांचीही १ जून! आमच्याकडं निम्मी पोरं १ जूनलाच जन्मतात. दाखल करताना गुरुजींच्या सोयीनं.

सरकारी वकिलांनी कोर्टात नेमकं यावरच बोट ठेवलं. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ९४ सरळ आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. दाखला चालला. प्रकरण बाल न्याय मंडळाकडं गेलं.

तिथं ना पिंजरा, ना उंच व्यासपीठ. एक दंडाधिकारी, दोन सामाजिक कार्यकर्ते, आणि समोरच्या खुर्चीत हा. बाप गेल्यावर नववीतून शाळा सुटली, हे तिथं पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मंडळातल्या बाईंनी वायरचं विचारलं तेव्हा म्हणाला, "भंगारवाल्यानंच आणायला सांगितली. आधीबी दोनदा नेऊन दिलेली." जामीन त्याच दिवशी झाला. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा घरच्या परिस्थितीचा अहवाल यायचाय.

माझा राग पोरावर नाही, पोलिसांवरही फारसा नाही. मुलांना असल्या कामाला जुंपणाऱ्या मोठ्या माणसाला याच कायद्याच्या कलम ८३ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड आहे, आणि तो भंगारवाला एफआयआरमध्ये साधा साक्षीदार आहे. पुढच्या तारखेला त्याच्यावर अर्ज देतेय. आईनं वेगळंच काम लावलंय: पोराला बाहेरून दहावीला बसवता येतं का, ते बघायचं.