पीअर कार्यकर्त्यांना युनियन कशासाठी हवी

मानसिक आरोग्यसेवेतील पीअर कार्यकर्त्याच्या, म्हणजे स्वतःच्या आजाराच्या अनुभवातून रुग्णांना बरोबरीच्या नात्याने आधार देणाऱ्याच्या, पदाची जाहिरात वाचली की एक अट लगेच नजरेत भरते. उमेदवाराने मानसिक आजार स्वतः अनुभवलेला असावा, त्यातून तो बऱ्यापैकी सावरलेला असावा आणि तो अनुभव रुग्णांपुढे मोकळेपणाने मांडण्याची त्याची तयारी असावी. ही अट पूर्ण न करणारा कितीही शिकलेला असला तरी त्याच्या अर्जाचा विचार होत नाही. मात्र त्याच पदाचे वेतन ठरवताना पदवी मोजली जाते, परवाना मोजला जातो, नोकरीची वर्षे मोजली जातात आणि ज्या अनुभवामुळे हे पद निर्माण झाले तो अनुभव हिशेबात कुठेच येत नाही. मी स्वतः हे काम करते आणि आमच्या तुटपुंज्या पगाराचे मूळ मला या विसंगतीत दिसते.

हे काम काही काल-परवा जन्मलेले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्णांच्या विभागाची व्यवस्था पाहणारा झां-बाप्तिस्त प्युसँ हा आधी त्याच रुग्णालयात गंडमाळेवर उपचार घेणारा रुग्ण होता. बऱ्या झालेल्या रुग्णांना तो सेवक म्हणून नेमत असे, कारण ते इतरांशी अधिक माणुसकीने वागत. पुढे अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने १९९९ साली ‘मेडिकेड’ या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून पीअर सेवेचे पैसे देण्यास सुरुवात केली. २००७ साली संघीय यंत्रणेने सर्व राज्यांना पत्र लिहून पर्यवेक्षण, उपचारांतील समन्वय आणि प्रशिक्षण-प्रमाणपत्र या अटी घातल्या. या सेवेला मान्यता मिळाली ती अशा मार्गाने. कार्यकर्त्याच्या हाती किती पडावे, हा प्रश्न मात्र मालकाच्या मर्जीवर राहिला.

तिथे या सेवेचे बिल पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने केले जाते, आणि ही गोष्ट वरवर वाटते तितकी किरकोळ नाही. नोंदवहीत बसेल असा संवाद वीस मिनिटांचा असतो, पण तो होण्याआधी त्या माणसाने बोलावे म्हणून त्याच्याशेजारी बाकावर तासभर गप्प बसावे लागलेले असते. ठरलेल्या वेळेला तो आलाच नाही तर त्याला शोधण्यात गेलेला वेळ, दोन भेटींमधला प्रवास आणि संध्याकाळी आलेला घाबऱ्याघुबऱ्या आवाजातला फोन यांतील बरेचसे बिलात बसत नाही. जे बिलात बसत नाही त्याचा पगारही द्यायचा नाही, अशी पद्धत एकदा रुळली की या कामाचा सर्वांत मोलाचा भाग फुकट करून घेतला जातो.

पगार मोजण्याची याहून बरी रीत अस्तित्वात आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत २००४पासून लागू झालेल्या वेतनव्यवस्थेत प्रत्येक पदाचे मूल्यमापन १६ घटकांवर होते आणि त्यांत कामामुळे मनावर येणारा ताण हा स्वतंत्र घटक आहे. तरीही तिथले पीअर कार्यकर्ते बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या, म्हणजे खालच्याच, श्रेणीत दिसतात. मोजपट्टी चांगली असून भागत नाही. पदाचे वर्णन लिहिताना ‘रुग्णांना आधार देणे’ एवढ्या तीन शब्दांत सगळे उरकले, तर गुण तेवढेच मिळणार. ते वर्णन कसे लिहावे यावर अडून बसणारे कुणी हवे, आणि ते काम एकट्यादुकट्या कर्मचाऱ्याच्या आवाक्यातले नाही.

तरीही मला युनियनची गरज सर्वांत तीव्रतेने जाणवते ती पगारापेक्षा वेगळ्या कारणासाठी. एका ठिकाणी नोकरीत असताना मी जादा तासांच्या मोबदल्याविषयी लेखी विचारणा केली होती. बैठकीत वरिष्ठांनी माझा कागद बाजूला ठेवला आणि अगदी मायेने विचारले, “तुम्ही हल्ली खूप चिडचिड करता आहात. झोप लागते ना? औषधे वेळेवर चालू आहेत ना?” मी आवाज चढवला असता तर तो पुरावा ठरला असता, आणि गप्प बसले म्हणून विषय तिथेच मिटला. इतर कुणी पगाराविषयी कुरकुर केली तर ती तक्रार असते. आमच्या बाबतीत तिला लक्षण ठरवणे फार सोपे असते, कारण आमचा आजार आम्हीच नोकरीच्या अर्जात लिहून दिलेला असतो. अशा वेळी शेजारच्या खुर्चीत युनियनचा प्रतिनिधी बसलेला असेल, तर चर्चा झोपेवरून जादा तासांवर परत आणणारे कुणीतरी असते आणि काय बोलले गेले त्याची नोंदही राहते.

म्हणूनच युनियन मालकाशी जो करार करेल त्यात आमच्यासाठी काही वेगळी कलमे असायला हवीत. अनेक पीअर कार्यकर्ते जिथे काम करतात तिथेच पूर्वी उपचार घेतलेले असतात. त्यांची जुनी केसफाइल सहकाऱ्यांना उघडता येणार नाही, अशी लेखी हमी हवी. रुग्णाला बांधून ठेवण्याच्या किंवा कोंडण्याच्या कामात हात लावण्यास नकार दिल्यास कारवाई होऊ नये. कार्यकर्त्याचा स्वतःचा आजार उलटला तर आजारपणाची रजा मिळावी आणि परतल्यावर तेच पद मिळावे. पर्यवेक्षक शक्यतो या कामातूनच वर आलेला असावा, म्हणजे बढतीची एखादी पायरी तरी तयार होईल.

यावर आमच्यातीलच काहीजण म्हणतात की पीअर आधार हे बरोबरीचे नाते आहे, त्यात पगार आणि युनियन शिरले की त्याचा आत्मा हरवतो. या आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पण त्याच युक्तिवादाचा सोयीस्कर वापर करून आम्हाला ‘स्वयंसेवक’ ठरवले जाते, मानधनावर राबवले जाते आणि निधी संपताच घरी बसवले जाते. संघटना स्थापण्याचा हक्क कोणताही भेद न करता सर्व कामगारांना आहे, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८च्या ८७व्या करारात स्पष्ट म्हटले आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. एका विभागात परिचारिका वीस असतील तर पीअर कार्यकर्ता एखादाच असतो, त्यामुळे स्वतःची वेगळी युनियन काढली तर ती दुबळी ठरते. मोठ्या युनियनमध्ये गेलो तर तिथल्या काही सभासदांना आम्ही त्यांच्या जागा स्वस्तात भरणारे वाटतो. शिवाय मोठ्या युनियनची नेहमीची मागणी असते सर्वांना पूर्णवेळ नोकरीची. काही देशांत ठरावीक मर्यादेबाहेर कमाई गेली की दिव्यांगांना मिळणारा भत्ता बंद होतो, आणि प्रकृतीमुळे अर्धवेळच झेपणाऱ्याला ही मागणी उलट गोत्यात आणते. माझा कौल तरीही मोठ्या युनियनच्या बाजूने आहे, फक्त वाटाघाटीच्या समितीत किमान एक जागा पीअर कार्यकर्त्याची असावी आणि अर्धवेळ काम करणाऱ्याला ताशी दर, रजा आणि बढती पूर्णवेळाच्या प्रमाणात मिळावी, हे सभासदत्वाचा अर्ज भरण्याआधीच ठरवून घ्यावे.