माझा अनुभव : सेवाज्येष्ठता यादी ऐकू येईपर्यंत

मी एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत लिपिक आहे. कागद टंकित करायचा, छापायचा, त्यावर साहेबांची सही आणि गोल शिक्का घ्यायचा आणि मग तो स्कॅन करून संकेतस्थळावर चढवायचा, ही आमची जुनी रीत. शिक्षकांच्या सेवाज्येष्ठता यादीवर हरकती मागवल्या, तेव्हा एका दृष्टिहीन शिक्षिकेचा फोन आला. "भाऊसाहेब, फाईल उघडते, पण संगणक काहीच वाचत नाही. हरकत कशावर घेऊ?"

मी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, उतरवून घेतला आणि मॉनिटर बंद करून आमचीच यादी ऐकायला बसलो. तो गप्पच राहिला, कारण स्कॅन केलेल्या पानावर अक्षरे नसतात, अक्षरांचा फोटो असतो. मूळ फाईल उघडली, तर ती जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली, म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देणाऱ्या फॉन्टमधली निघाली. पडद्यावर स्वच्छ मराठी आणि कानावर मात्र इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची खिचडी. मजकूर युनिकोडमध्ये आणला, तरी कित्येक रफार आणि जोडाक्षरे हातानेच दुरुस्त करावी लागली.

खरा घाम काढला तो तक्त्याने. देखणेपणासाठी आम्ही जोडून टाकलेल्या चौकटींमुळे '1 जून 2009' एवढेच ऐकू येई. ती नेमणुकीची तारीख की रुजू दिनांक, हे कळायला मार्ग नव्हता. चौकटी सुट्या केल्या, पहिली ओळ शीर्षओळ म्हणून नेमली, तेव्हा प्रत्येक तारखेआधी रकान्याचे नाव ऐकू येऊ लागले.

"सहीशिवाय कागद कसा चढवणार?" हा साहेबांचा प्रश्न रास्त होता. मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील, माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात देण्याविषयीचे कलम 42 पुढे ठेवले, शिवाय सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा न राहता बंधनकारक असावेत, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 8 नोव्हेंबर 2024 चा निकालही दाखवला. साहेबांनी डिजिटल सही केली आणि छापून स्कॅन करण्याचा टप्पाच गळाला. पीडीएफमध्ये काही वेलांट्या तरीही जागा सोडत होत्या, म्हणून सोबत वर्ड फाईलही ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाईंची लेखी हरकत आली. त्यांचा रुजू दिनांक आमच्याकडून एका वर्षाने पुढे लागला होता, आणि मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.