समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी माणसाने मनाच्या त्रासासाठी समुपदेशकाकडे जायचे ठरवले, की दोन शंका त्याला हमखास अडवतात. तिथे कोणत्या भाषेत बोलायचे, आणि आपण तिथे जातो हे गल्लीत कळले तर काय? माझ्याही मनात त्या होत्या. त्या क्षुल्लक आहेत असे मला आजही वाटत नाही.

आपण बसमध्ये, बाजारात, कचेरीत कन्नड सहज बोलतो आणि मुलांच्या शाळेत इंग्रजीही निभावून नेतो. पण वडील गेल्यानंतर घरात काय काय घडले, भावाशी बोलणे कसे तुटले, मध्यरात्री जाग आल्यावर छातीत काय होते, हे सांगायची वेळ येते तेव्हा त्या भाषा तोकड्या पडतात. मी ज्या समुपदेशक बाईंकडे जात असे, त्यांची मातृभाषा कन्नड होती. पहिल्या भेटीत मी जपून, शाळेत शिकल्यासारख्या मराठीत उत्तरे देत होते. थोड्या वेळाने त्यांनी मला थांबवले आणि म्हणाल्या, "घरात अक्काशी बोलता तसं बोला. एखादा शब्द कळला नाही तर मी विचारीन." त्यांनी खरोखरच विचारले, आणि त्या विचारण्यामुळे माझे बोलणे मलाच नीट ऐकू येऊ लागले. समुपदेशक मराठीच असावा असा माझा आग्रह म्हणूनच नाही. मात्र भेटीची वेळ ठरवायला फोन कराल, तेव्हाच भाषेचे विचारून घ्यावे आणि त्यात मुळीच संकोच करू नये. प्रत्यक्ष जाण्याआधी फोनवर बोलून पाहायचे असेल, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, आणि तिथे मराठी व कन्नड या दोन्ही भाषा निवडता येतात.

आता गुप्ततेविषयी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, मानसिक आजारासाठी उपचार घेणाऱ्याला आपली माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क दिलेला आहे. समुपदेशनाच्या व्यवसायाचाही तो पहिला नियम आहे. त्याला अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली असेल, तर समुपदेशकाला गप्प राहता येत नाही. हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगितले जायला हवेत. कोणी सांगितले नाहीत, तर आपण विचारावेत. आपल्याकडे प्रत्येक जण कोणाचा तरी पाहुणा निघतो, त्यामुळे तुमचे नातलग आणि समुपदेशक एकमेकांच्या ओळखीचे आहेत असे लक्षात आल्यास तेही लगेच बोलून टाकावे. माझ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते की, बाहेर कुठे समोरासमोर आलो तर त्या आपणहून ओळख दाखवणार नाहीत. मी बोलले तरच बोलतील. त्या एका वाक्याने माझी निम्मी भीती गेली.

प्रत्यक्ष पहिली भेट बरीचशी विचारपूस करण्यात जाते. नाव, वय, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचे, हे एका अर्जावर लिहून सही करायची असते. मग झोप, भूक, काम, आधीचे आजार, चालू गोळ्या, घरातली माणसे, दारू-तंबाखू यांविषयी प्रश्न येतात. जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारले जाते. तो प्रश्न ऐकून दचकू नये: विचारल्याने तसा विचार मनात येत नाही, उलट आधीच आलेला असेल तर तो बोलून दाखवायला वाट मिळते. आपल्याकडे दवाखान्यात जायचे म्हणजे सोबत दोघे-तिघे असतातच. इथे मात्र सोबतच्यांना बहुधा बाहेर बसायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. साधारण पाऊण तास ते तासभराने भेट संपते. त्यानंतर हलके वाटेलच असे नाही. पुष्कळांना त्या संध्याकाळी फार थकवा येतो.

सर्वांत जास्त अपेक्षाभंग होतो तो सल्ल्याच्या बाबतीत. 'देवाचं नाव घे', 'चार दिवस गावाला जाऊन ये' असे सांगणारी माणसे आपल्याभोवती भरपूर असतात, त्यामुळे समुपदेशकही काहीतरी नेमके करायला सांगेल असे वाटते. तो बहुतेक वेळा प्रश्नच विचारतो, आणि कधी कधी नुसता थांबतो. काही पद्धतींमध्ये घरी करायचे कामही मिळते: राग किंवा धास्ती आली की त्या क्षणी काय घडले, मनात कोणता विचार आला, पुढे आपण काय केले, हे वहीत लिहायचे. मला हे काम सुरुवातीला कंटाळवाणे वाटे, पण बोलण्यापेक्षा त्या वहीनेच मला अधिक दाखवून दिले असे माझे मत आहे.

समुपदेशक औषध देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचे. गरज वाटली तर तो तिकडे पाठवतो, आणि अशा वेळी आपला आजार फार वाढला असा अर्थ काढू नये. थायरॉइडच्या बिघाडानेही उदासी येते, त्यामुळे डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगू शकतात. सरकारी रुग्णालयांपैकी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात विचारता येते, शिवाय धारवाडला मानसिक आरोग्याची स्वतंत्र संस्था आहे. निपाणीकरांना कोल्हापूर अधिक जवळचे.

चार-पाच भेटींनंतरही त्या खोलीत मोकळे वाटत नसेल, तर न सांगता जाणे बंद करण्याऐवजी समुपदेशकालाच तसे सांगावे. चांगला समुपदेशक त्याने दुखावत नाही. आपली पद्धत बदलून पाहतो किंवा दुसऱ्या कोणाचे नाव सुचवतो, आणि तुमची परवानगी असेल तर आतापर्यंतची माहितीही त्या व्यक्तीला कळवतो, म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत नाही.