दही लागलं नाही तेव्हा

मागच्या भाद्रपदातली गोष्ट. मायनं रात्री आमच्या चांदी गाईच्या दुधाला विरजण लावलं, सकाळी गंजावरचं झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं. वर साय, खाली पांढरं पाणी, आंबूस वासाचा पत्ता नाही. तिनं बोट बुडवलं, चाटून पाहिलं. "इरजन मेलं वाटते," म्हणाली. शेजारून नवं विरजण आणलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग पावसाला, गंजाला, माझ्या बायकोच्या भांडी घासायच्या साबणाला, सगळ्यांना पाळीपाळीनं बोल लागले.

बोल खरं तर मला लागायला पाहिजे होते. चारच दिवस आधी चांदीच्या मागच्या डाव्या सडाला दगडी झाली होती. सड टणक, हात लावू देईना, धारेतून गुठळ्या येत होत्या. गावात ढोरांचं औषधपाणी करणारा एक जण येतो, त्यानं तीन दिवस सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली आणि मानेत इंजेक्शन दिलं. दूध किती दिवस घ्यायचं नाही हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. मायनं आपल्या हिशेबानं दुखऱ्या सडाचं दूध वेगळं काढून गोऱ्ह्याला पाजलं, बाकी तीन सडांचं घरात ठेवलं. उरलेलं चार लिटर मी डेअरीवर नेऊन कॅनमध्ये ओतलं. आमच्याकडे डेअरीवर फॅट मोजतात, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) मोजतात. औषध मोजत नाहीत.

ओळखीच्या पशुवैद्यक डॉक्टरांना फोन केला तर ते आधी हसले, मग रागावले. ट्यूबमधलं औषध त्या एका सडापुरतं राहत नाही, थोडंफार रक्तात जातं, आणि इंजेक्शनचं तर चारही सडांत उतरतं. पेनिसिलिनच्या जातीतलं औषध दूध उकळून फारसं नष्ट होत नाही. आणि दह्याचे जंतू त्याच्यापुढे फार नाजूक, चिमूटभर औषधानं गारद होतात. म्हणजे विरजण मेलं हे मायचं निदान बरोबर होतं. फक्त मारेकरी दुधातच बसला होता. गोऱ्ह्याला पाजलेलं दूध तर आणखी वाईट, म्हणाले. त्याच्या आतड्यातले जंतू त्या औषधाशी ओळख करून घेतात आणि त्यातले निबर तेवढे मागे राहतात.

हे सगळं मला आधीच कळायला पाहिजे होतं, कारण माझा धंदा कोंबड्यांचा आहे. आर्वी तालुक्यात गावाबाहेर माझं चार हजार पक्ष्यांचं शेड आहे. कंपनीचा करार: पिल्लं त्यांची, खाद्य त्यांचं, औषध त्यांचं. शेड, तूस, पाणी, वीज आणि रात्रीचं जागरण माझं. लॉट निघाला की किलोमागे पैसे मिळतात. सहा वर्षं हे चाललं आहे आणि सहा वर्षं पिल्लं उतरली की पहिले पाच दिवस मी पाण्यात एनरोफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक सोडत आलो. पिल्लं आजारी होती म्हणून नाही, होऊ नयेत म्हणून. सुपरवायझर त्याला "कोर्स" म्हणतो. मीही तोच शब्द वापरायचो, जसं काही शाळेचा कोर्स आहे.

दिवाळीच्या तोंडावर मायला थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ, कमरेत कळ. तालुक्याच्या दवाखान्यात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या, दोन दिवस बरं वाटलं, परत ताप. मग जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, लघवीचं कल्चर केलं, म्हणजे त्यातले जंतू वाढवून कोणत्या औषधाला मरतात ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. औषधांच्या नावांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. एस म्हणजे जंतू या औषधाला मरतो, आर म्हणजे मरत नाही. पहिल्या पानावर आर, आर, आर. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढेही आर.

लॅबमधल्या पोराला विनंती केली तर त्यानं काचेची बशी दाखवली. बशीभर राखाडी साय धरल्यासारखी जंतूंची वाढ, त्यावर कागदाच्या छोट्या गोल टिकल्या. जिथं औषध चालतं त्या टिकलीभोवती गोल स्वच्छ रिंगण पडतं. सिप्रोच्या टिकलीला जंतू अगदी चिकटून वाढले होते. दोन-तीन टिकल्यांभोवतीच काय ते रिंगण. त्यातल्या एका औषधावर माय बरी झाली.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला तोपर्यंत माहीत नव्हती. एनरोफ्लॉक्सासिन कोंबडीच्या अंगात गेलं की त्याचा काही भाग बदलून सिप्रोफ्लॉक्सासिनच होतो. मी पाण्याच्या टाकीत सोडत होतो ते आणि मायला आधी दिलेल्या पाकिटावरचं, एकाच घरचे दोघे. अमेरिकेनं एनरोफ्लॉक्सासिन कोंबड्यांसाठी २००५ मध्येच बंद केलं, ते याच भीतीनं. मायचा जंतू माझ्या शेडातून आला असं मी म्हणत नाही. तो कुठूनही येऊ शकतो. माणसंही सर्दीला मेडिकलमधून गोळ्या घेऊन खातातच. पण माय रोज सकाळी शेडात जाते, पडलेलं खाद्य झाडते, मेलेले पक्षी उचलते, आणि त्याच हातांनी चहा मांडते. तिचा रिपोर्ट पाहिल्यापासून पाण्याच्या टाकीकडे मला पहिल्यासारखं पाहता येत नाही.

पाण्यातलं औषध निदान डोळ्यांना दिसतं, बाटली असते, तारीख असते. खाद्यातलं दिसत नाही.

खाद्यात औषध घालायची कल्पना आली कुठून, ते वाचलं तेव्हा गंमत वाटली. अमेरिकेत लेडर्ली या औषध कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड कोंबड्यांसाठी स्वस्त बी-१२ जीवनसत्त्व शोधत होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवून उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना चारून पाहिला, तर पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. १९५० मध्ये हे जाहीर झालं आणि आजाराविना औषध चारायची रीत जगभर पडली. त्याच्या पाच वर्षं आधी, १९४५ मध्ये, पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं नोबेलच्या भाषणात बजावून ठेवलं होतं की जंतू मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेत पेनिसिलिन दिलं तर ते त्याला दाद देईनासे होतात. युरोपनं वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं २००६ पासून पूर्ण बंद केलं. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिनवर बंदी आली: जनावरं, कोंबड्या, मासे, खाद्य, सगळीकडे. कोलिस्टिन म्हणजे आयसीयूत बाकी सगळ्या औषधांपुढे आर आला की डॉक्टर काढतात ते. आणि आपण ते पिल्लांची हगवण होऊ नये म्हणून वापरत होतो. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि माणसांतही एक असा जनुक सापडला, जो एका जंतूकडून दुसऱ्या जंतूकडे उसनवारीसारखा जातो आणि कोलिस्टिनला निकामी करतो. त्याचा धसका घेऊन कोलिस्टिनवर ही पावलं उचलली गेली.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. २०१२ पासून नियम आहे: जनावरांच्या औषधावर, ते दिल्यानंतर किती दिवस थांबायचं हे लिहिलेलं पाहिजे. तसं तपासून ठरवलेलं नसेल तर अंडी-दुधाला किमान ७ दिवस, कोंबडी-बकऱ्याच्या मटणाला २८ दिवस. आता माझा हिशेब पहा. माझा पक्षी ४० दिवसांत गाडीत चढतो. अठ्ठावीस मागे गेलो तर बाराव्या दिवसाला येतो. बाराव्या दिवशी पिल्लू हाताच्या पंज्यात मावतं. म्हणजे असं औषध द्यायचं तर पहिल्या दहा-बारा दिवसांतच, त्यानंतर नाही.

पण माझ्याकडे येणाऱ्या खाद्याच्या पोत्यावर प्रथिनं किती, ओलावा किती, एवढंच छापलेलं असतं. औषध आहे की नाही ते नाही. समजा कंपनीनं शेवटच्या आठवड्याचं खाद्य औषधाविना बनवलं, तरी ते बनतं कुठं? मी तालुक्याला चांदीसाठी भरडा करून आणतो त्या छोट्या फीड मिलमध्ये एकदा उभा राहून पाहिलं. मका भरडला, सोयाची ढेप पडली, वरून पांढऱ्या प्रीमिक्सची (औषधं-जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणाची) पिशवी फाडून ओतली, मिक्सर फिरला, कोंबड्यांचं खाद्य पोत्यांत भरलं. मिक्सर थांबल्यावर आत डोकावलो. तळाला, पात्यांच्या कोपऱ्यात बोटभर जाड थर तसाच. त्यावरच चांदीचा भरडा पडला. "नुसता मका फिरवून काढा ना आधी," मी म्हटलं. "कोनी तसं करत नाई भाऊ," मिलवाला म्हणाला, "मका फुकटचा हाय का?" त्याचंही खोटं नाही. मिक्सर साफ करायला फिरवलेला, औषध लागलेला मका जाणार कुठं, त्याला तो विकताच येणार नाही.

सगळीच औषधं सारखी नाहीत हेही खरं. पिल्लांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून खाद्यात सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन घालतात, ती माणसाच्या दवाखान्यात वापरत नाहीत. पण घोड्याला मोनेन्सिन म्हणजे विष. गावात एक जण वरातीला घोडी देतो, त्याला मी सांगून ठेवलं आहे की माझ्या शेडाकडे घोडी चरायला सोडू नको. तो मला थोडा येडा समजतो.

आणि गावरान अंडी! मायच्या सात-आठ गावरान कोंबड्या दिवसभर शेडाच्या जाळीबाहेर सांडलेलं कंपनीचं खाद्य वेचतात. नागपूरचे पाहुणे तीच अंडी "एकदम शुद्ध" म्हणून पंधरा रुपयांना एक नेतात. मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. मायनं डोळे वटारले.

एवढं कळल्यावर मी काय केलं? फार काही नाही, कराराचा माणूस किती करणार. पण या वेळी लॉटच्या आधी टाकी घासून काढली, पाण्यात क्लोरीन चालू केलं (लशीच्या दिवशी ते बंद ठेवावं लागतं, नाहीतर लसच मरते), जुनं तूस पूर्ण उपसलं, दारात चुना टाकला. "कोर्स"साठी सुपरवायझरला म्हटलं, पिल्लं आजारी पडली तर देतो. तो म्हणाला, "मर निघाली तं तुह्याच बिलातून जाईन." पहिल्या आठवड्यात एकशे दहा पिल्लं मेली. आधीच्या लॉटला पंच्याण्णव. फरक पंधराचा, तोही थंडीचा असू शकतो, कारण एका रात्री लाईन गेली होती. शेडातलं खत संत्र्याच्या बागवाल्याला पूर्वी तसंच ट्रॉलीनं द्यायचो. पक्ष्याच्या पोटात गेलेल्या औषधाचा बराच भाग विष्ठेतून तसाच पडतो, म्हणून आता ढीग लावून कुजवून देतो. त्याला उशीर होतो, तो कुरकुरतो.

पौषात चांदीला परत दगडी झाली. या वेळी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी किती दिवस दूध घ्यायचं नाही ते कागदावर लिहून दिलं. मायचा कागदावर भरवसा नाही. तिनं रोज संध्याकाळी एका वाटीत दूध घेऊन विरजण लावलं. पहिल्या सकाळी पाणी, दुसऱ्या सकाळी पाणी, चौथ्या सकाळी मऊ, सहाव्या सकाळी चमचा उभा राहील असं दही. तरी कागदावरचे दिवस भरेपर्यंत मी दूध शेणखताच्या खड्ड्यातच ओतलं. चारही सडांचं, गोऱ्ह्यालाही नाही. रोजचे दीड-दोनशे रुपये खड्ड्यात जाताना पाहणं सोपं नसतं.

ती वाटी बघता बघता माय म्हणाली, "चुंगडीतल्या खाद्याले अशी वाटी नाई लावता येत काय?" नाही म्हटलं. ट्यूबचं औषध भरपूर होतं म्हणून दह्यानं सांगितलं. खाद्यातून मांसात, अंड्यात उतरतं ते इतकं थोडं असतं की दह्याला कळणार नाही, जिभेला कळणार नाही. आणि फ्लेमिंगनं बजावलं होतं ते जंतू न मारणाऱ्या अशाच थोड्या मात्रेबद्दल. तिनं मान हलवली, वाटीतलं दही मांजरीलाही न देता खड्ड्यात टाकलं.

पोत्यावरच्या लेबलचा फोटो काढून सुपरवायझरला पाठवला आहे: यात औषध कोणतं, किती, आणि शेवटच्या आठवड्याचं खाद्य वेगळं आहे का. "वर विचारतो" असं उत्तर आलं, त्याला तीन आठवडे झाले. बुधवारी नवा लॉट उतरतोय, चार हजार एकशे पिल्लं. चुना आणून ठेवला आहे, तूस अजून यायचं आहे.