मृत्यूनंतरचं पान आधी वाचा

आत्महत्येवरच्या शॉर्ट फिल्मची संहिता हातात आली की तो प्रसंग कसा लिहिलाय हे आधी बघू नये. त्याच्या नंतरचं पान उघडावं. तिथे कोणाला काय मिळतंय? बाप हुंदके देत ‘माझंच चुकलं’ म्हणतोय, सोडून गेलेली मैत्रीण पश्चात्तापाने कोसळतेय, कॉलेजात फोटोला हार आणि मेणबत्त्या. नायकाला जन्मभर न मिळालेली कदर आता तीन मिनिटांत मिळतेय. म्हणजे पटकथेने मृत्यूला एक काम सोपवलं आणि त्याने ते चोख पार पाडलं. मूळ प्रसंग कितीही संयमाने चित्रित केला तरी हा हिशोब प्रेक्षकाला कळतो. जो आधीच टोकाला आलेला आहे, त्याला तर सगळ्यात आधी कळतो.

हा नुसता अभिरुचीचा मुद्दा नाही. पश्चिम जर्मनीत १९८१ मध्ये एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येवर मालिका दाखवली गेली, १९८२ मध्ये ती पुन्हा लागली. श्मिटके आणि हेफ्नर या संशोधकांनी १९८८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसलं की दोन्ही वेळा त्याच पद्धतीचे मृत्यू वाढले, आणि वाढ सर्वांत ठळक होती ती नायकाच्याच वयाच्या मुलांमध्ये. २०१७ च्या ‘थर्टीन रीझन्स व्हाय’बद्दल वाद अजून चालू आहे. ती आली त्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेत १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्या वाढल्याचं एका अभ्यासात आढळलं, पण कारण मालिकाच होती का यावर संशोधकांचं एकमत नाही. तरी जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने नायिकेच्या आत्महत्येचा सुमारे तीन मिनिटांचा प्रसंग कापला. गोष्ट त्यावाचून अडली नाही, हे संकलकांनी मुद्दाम लक्षात घ्यावं.

याची दुसरी बाजू कमी लोकांना ठाऊक असते. मोझार्टच्या १७९१ च्या ‘जादूची बासरी’ या ऑपेरात पापागेनो जीव द्यायला निघतो आणि तीन मुलं त्याला त्याच्याच जवळच्या जादूच्या घंटांची आठवण करून देतात, आणि तो थांबतो. संशोधक नीडरक्रोटेनथालर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या बातम्या तपासल्या, तेव्हा मरणाचे विचार येऊनही त्यातून निभावून गेलेल्या माणसांच्या बातम्यांनंतर आत्महत्या कमी झालेल्या आढळल्या. त्या परिणामाला पापागेनोचंच नाव मिळालं. म्हणजे विषय टाळा असं कोणी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवाल्यांसाठी वेगळी पुस्तिका काढली, तिचाही रोख दाखवायचं कसं यावर आहे.

इंदूरच्या तरुण मंडळींच्या गोष्टींत एक खोली जवळजवळ ठरलेली असते. भंवरकुआँ हा क्लासेसचा भाग, एक पलंग, भिंतीवर वेळापत्रक, फोनवर निकाल. निकाल नापास, पुढचा शॉट काळा. लिहायला सोपं, चित्रित करायला स्वस्त, आणि चूक. एका कारणाने एका तासात माणूस असा निर्णय घेतो हे गणितच खोटं आहे. बहुतेक वेळा आधीपासून नैराश्य, दारू, कर्ज, घरातला ताण, आजारपण असं काही साचलेलं असतं आणि निकाल हा शेवटचा धक्का असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या आकड्यांत देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. पोलिसांच्या नोंदीत पहिलं कारण कौटुंबिक अडचणी, दुसरं आजारपण. एकूण मृतांत विद्यार्थी ७.६ टक्के, तर रोजंदारीवर काम करणारे चौथ्या हिश्शाहून जास्त. आपल्या पडद्यावर रोजंदारीवाला कितींदा येतो?

तेव्हा निकालाच्या आधी किमान तीन धागे पेरा आणि त्यातला एक तरी सुटण्यासारखा ठेवा. महिनाभर झोप नाही. आवडती वस्तू मित्राला सहज देऊन टाकणं. ‘मी नसलो तर तुमचं ओझं कमी होईल’ असं हसत बोललेलं वाक्य. खूप अस्वस्थतेनंतर अचानक आलेली शांतता. आजूबाजूच्या पात्रांनी ते पाहावं आणि त्यातल्या एकाने तरी ओळखावं. प्रेक्षकाला ओळखायला शिकवणारी जागा हीच.

ओळखल्यानंतरचा संवाद लिहायला सगळे घाबरतात, म्हणून त्याच्यावर वेळ घालवायला हवा. समजा घरमालकीण काकू आणि भाडेकरू रोहन:

“रोहन, मरून जावंसं वाटतंय का तुला?”
“...कधी कधी.”
“आज?”
“हो.”
“बरं. खाली चल, आमच्याकडे बस. फोन मी लावते.”

एवढंच. थेट विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. ‘आज?’ हा प्रश्न धोका किती जवळ आहे ते सांगतो. काकू त्याला एकटं सोडत नाहीत, कोणाला सांगणार नाही असं वचन देत नाहीत आणि ‘आईवडिलांचा तरी विचार कर’ म्हणत नाहीत. आपल्या लेखकांचं हे शेवटचं वाक्य फार लाडकं आहे, पण आपण ओझं आहोत असं मानणाऱ्याला त्यातून फक्त आणखी अपराधी वाटतं.

मग समुपदेशक. एक भेट, एक मिठी, दुसऱ्या दिवशी सूर्योदय, असं नको. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. कंटिन्युइटीच्या तक्त्यात हे आठवडे लिहा: दाढी, केस, रद्द झालेली एक भेट, पुन्हा घेतलेली वेळ.

आता मृत्यू दाखवायचाच असेल तर. साधन, जागा, मात्रा, किती वेळ लागला, यातलं काहीही फ्रेममध्ये नको, संवादात नको, आणि कला विभागाने टेबलावर मांडलेल्या सामानातही नको. शहरातला ओळखू येणारा पूल किंवा तलाव वापरू नका. व्हिएन्नात १९८७ मध्ये भुयारी रेल्वेतल्या घटनांच्या वार्तांकनावर सूचना लागू झाल्यावर तिथल्या आत्महत्या झपाट्याने उतरल्या होत्या, त्यामुळे जागेचा मुद्दा किरकोळ समजू नये. घोटाळा बहुधा आवाजात होतो. दिग्दर्शक कॅमेरा फिरवतो, बंद दार दाखवतो, स्वतःवर खूश होतो, आणि साउंडवाला दारापलीकडचं सगळं ऐकवतो. ते तितकंच सांगतं. कट निर्णयाच्याही आधी घ्या आणि सरळ दुसऱ्या माणसाच्या साध्या दिवसावर जा. स्लो मोशन, पियानो, खिडकीतून येणारा सोनेरी प्रकाश हे सगळं काढा. मृत्यू देखणा करणं हा आमच्या मते हिंसेच्या दृश्यांपेक्षा मोठा दोष आहे.

चिठ्ठीचा व्हॉइस-ओव्हर तर नकोच. मेलेलं पात्र शांत, समंजस आवाजात बोलत राहिलं की मृत्यू हा संवादाचा एक मार्ग ठरतो. चिठ्ठी दाखवायची तर पोलिसाच्या हातातला, पाकिटात सील होणारा कागद म्हणून दाखवा, मजकुराविना.

नंतरची कार्यवाही खरी दाखवली तर हारफुलांचा मोह आपोआप सुटतो. पुण्याकडच्या मालिका पाहून लिहिणारे ‘एडी (अकस्मात मृत्यू) दाखल केली’ लिहितात. मध्य प्रदेशात ठाण्यावर त्याच नोंदीला ‘मर्ग कायम’ होणं म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १९४ खाली चौकशी, पंचनामा, शवविच्छेदन. विवाहितेच्या लग्नाला सात वर्षं झालेली नसतील तर कार्यकारी दंडाधिकारी येतात. नातेवाईक शवागाराबाहेर बाकावर ताटकळतात, कोणीतरी आधारकार्डाची झेरॉक्स शोधत फिरतो. इथे कोणाला काहीच मिळत नाही, आणि पुढच्या कित्येक महिन्यांत कोणालाच उत्तर सापडत नाही. तेच लिहा.

वाचलेल्या माणसाच्या पलंगाशी हवालदार उभा करून ‘आता केस होईल’ म्हणवणं थांबवा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं २२६ आहे. दवाखाना एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) मात्र करतो, तेव्हा डॉक्टरच्या तोंडी वाक्य असं हवं: “नोंद करावी लागते, तुमच्यावर गुन्हा नाही.” या एका वाक्याने एखादं घर रुग्णाला लपवून ठेवण्याऐवजी वेळेत दवाखान्यात नेईल.

नाटकवाल्यांसाठी वेगळं. प्रेक्षागृहात पॉजचं बटण नसतं आणि इंदुरात मराठी प्रयोगाला आजी आणि नात एकाच रांगेत बसतात. विषयाची कल्पना तिकिटावर आणि पहिल्या घंटेआधीच्या घोषणेत द्या. तालमीत नटाला थांबवण्यासाठी एक शब्द ठरवा, प्रसंगानंतर दहा मिनिटं सोबत कोण बसणार तेही आधीच ठरवा. चित्रीकरण असेल तर हा प्रसंग दिवसाच्या शेवटच्या शॉटला ठेवू नका, नाहीतर नट तो घेऊनच घरी जातो.

चित्रपटाला प्रमाणपत्र घेताना आता यूए ७+, १३+, १६+ असे टप्पे आहेत. ओटीटीसाठीच्या २०२१ च्या नियमांत, मुलं अनुकरण करतील अशा आत्महत्या व स्वतःला इजा करण्याच्या चित्रणाला वरचा वर्ग द्या, असं स्पष्ट लिहिलंय. यूट्यूबवर टाकणार असाल तर थंबनेलवर तो क्षण नको, शीर्षकात साधन नको.

मदतीची पाटी श्रेयनामावलीच्या शेवटी टाकतात, तिथे ती कोणी वाचत नाही. शेवटचा शॉट आणि पहिलं नाव यांच्या मध्ये टाका, पार्श्वसंगीत बंद करून, आठ सेकंद, मोठ्या अक्षरांत: टेली-मानस (मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. प्रत्येक प्रदर्शनाआधी तो नंबर स्वतः लावून बघा. आणि फिल्म दाखवल्यावर चर्चा ठेवणार असाल तर दाराशी एक प्रशिक्षित माणूस उभा ठेवा, कारण ज्याला विचारायचं असतं तो माइक हातात घेत नाही.