तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत डोक्यावरून गेलेला शेक्सपिअर आता कसा वाचायचा?

"शाळेत 'द क्वालिटी ऑफ मर्सी' घोकलं होतं, अजून म्हणून दाखवता येतं. पण नाटक म्हणून काही कळलं नाही. आता वाचायचं तर कुठून सुरुवात करू?" शेक्सपिअरचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. कुठून, याचं उत्तर एका शब्दाचं आहे: मॅकबेथ. कसं वाचायचं, ते सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

शाळेत आपल्यापर्यंत पोचतात त्या दोनच गोष्टी: एक तर गोष्टीरूप सारांश, नाहीतर संदर्भासहित स्पष्टीकरणासाठी कापून काढलेला उतारा. सारांशाची चाल लँब भावंडांनी 1807 साली मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाने रूढ केली. पण शेक्सपिअरच्या बहुतेक गोष्टी मुळात त्याच्या नव्हेतच. मॅकबेथची त्याने हॉलिनशेडच्या बखरीतून उचलली. म्हणजे नुसती गोष्ट काढून दिली की उसनवारीचा माल तेवढा हाती येतो आणि त्याचं स्वतःचं ते गाळलं जातं. उताऱ्याचं दुखणं वेगळं. 'ऑल द वर्ल्ड्ज अ स्टेज' आपण सुभाषितासारखं शिकतो. 'अ‍ॅज यू लाइक इट' या नाटकात ते जेक्विसच्या तोंडी आहे आणि या गृहस्थाला उदास राहण्याची हौस आहे. म्हातारपणी दात नाहीत, डोळे नाहीत, चव नाही, काहीच नाही, असं सांगून तो थांबतो आणि त्याच क्षणी ऑर्लँडो ऐंशीला टेकलेल्या अ‍ॅडमला उचलून घेऊन आत येतो. हा अ‍ॅडम म्हणजे जन्मभर साठवलेले पाचशे क्राउन धन्याच्या मुलाच्या हवाली करून त्याच्यामागे रानात आलेला नोकर. जेक्विसचं भाषण तिथल्या तिथे खोटं पडतं. उतारा मात्र त्याच्या एक ओळ आधी संपलेला असतो.

आता मॅकबेथच का? आकार हे पहिलं कारण. साधारण 2,100 ओळी, शोकांतिकांमध्ये सगळ्यात कमी. हॅम्लेट 4,000च्या आसपास जातं. हौसेने तिथूनच सुरुवात करणारे बहुतेक दुसऱ्या अंकात अडकतात. मॅकबेथ दोन बैठकांत होतं. पहिले दोन अंक मोठ्याने वाचा, उरलेले दुसऱ्या दिवशी. चौथ्या अंकातला तिसरा प्रवेश रेंगाळतो. खून झालेल्या राजाचा मुलगा माल्कम आपण किती वाईट आहोत ते सरदार मॅकडफला सांगत बसतो, तिथे कंटाळा आला तर दोष तुमचा नाही. फक्त प्रवेश सोडू नका, त्याच्या शेवटी मॅकडफला घरची बातमी कळते.

मोठ्याने वाचताना ओळ संपली म्हणून थांबायचं नाही, विरामचिन्हावर थांबायचं. पाठांतरस्पर्धांनी आपल्याला नेमकी उलटी खोड लावली आहे. 'व्हेदर टिज नोब्लर इन द माइंड टु सफर' म्हणून थांबलात तर काय सोसायचं ते अधांतरी राहतं, कारण सोसण्याची गोष्ट पुढच्या ओळीत आहे. दहा अक्षरांचा, एक हलकं एक जड असा ठोका आपोआप सांभाळला जातो, तो टाळी वाजवून मोजायची गरज नाही. एक खूण मात्र ओळखून ठेवा. राजाच्या खुनानंतर मॅकबेथ जिना उतरून बायकोकडे येतो तेव्हा छापील पानावर चार तुकडे पायऱ्यांसारखे सरकत जाताना दिसतील: 'डिड नॉट यू स्पीक?' 'व्हेन?' 'नाऊ.' 'अ‍ॅज आय डिसेंडेड?' ही मिळून एकच ओळ आहे. मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही, एकाचा शब्द संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू झाला पाहिजे.

याच ठिकाणी मराठी वाचकाच्या फायद्याची गोष्ट दिसते. मॅकबेथ बायकोला विचारतो, 'डिड्स्ट दाऊ नॉट हिअर अ नॉइज?' ती विचारते, 'डिड नॉट यू स्पीक?' नवरा अरे-तुरे, बायको अहो-जाहो! आजच्या इंग्रजीत हा भेद उरलेला नाही, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्याला टीप लागते. आपल्या कानाला तो लगेच कळतो. मागे जाऊन पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश बघा. मॅकबेथ कच खातो तेव्हा ती आधी 'यू' म्हणत असते आणि टोचून बोलायची वेळ आली की 'आर्ट दाऊ अफिअर्ड' वर येते. घाबरलास? 

याहून झणझणीत हॅम्लेटमध्ये आहे. आई म्हणते, 'हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.' तो उलटून म्हणतो, 'मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड.' आणि आई ताडकन 'यू'वर येते: 'कम, कम, यू आन्सर विथ अ‍ॅन आयडल टंग.' संतापलेली मराठी आई पोराला "आता तुम्ही आम्हाला शिकवणार!" म्हणते, तेच हे. पण प्रत्येक 'दाऊ'मागे अर्थ शोधत बसू नका. देव, भूत, खंजीर यांना सरसकट एकेरीच असतं आणि पुष्कळदा दोन्ही रूपं सहज मिसळतात. लक्ष द्यायचं ते बदल झाला तिथे.

अवघड शब्दांपेक्षा सोपे दिसणारे शब्द जास्त फसवतात. अवघड शब्द तुम्ही टिपेत बघताच. 'व्हेअरफोर' म्हणजे 'कुठे' नव्हे, 'का'. ज्युलिएट रोमिओला शोधत नाहीये, तू नेमका रोमिओच का, म्हणून हळहळते आहे. 'प्रेझेंटली' म्हणजे लगेच. 'स्टिल' म्हणजे बहुधा नेहमी. आणि हॅम्लेट 'मला जो लेट करेल त्याचं भूत करीन' म्हणतो तेव्हा 'लेट' म्हणजे अडवणं.

रंगसूचना फारशा नसतात, त्या संवादात शोधा. खेळ दुपारी, उघड्या नाट्यगृहात, दिवसाउजेडी होत. मग रात्र बोलूनच आणायची. मॅकबेथच्या दुसऱ्या अंकाच्या आरंभी सरदार बँको मुलाला रात्र किती झाली विचारतो, मुलगा म्हणतो चंद्र मावळला, घड्याळाचे ठोके ऐकले नाहीत, आणि बँको म्हणतो, स्वर्गात काटकसर चालली आहे, सगळ्या मेणबत्त्या विझवल्यात. नेपथ्य झालं!

आवृत्ती फोल्जरची घ्या, समोरच्याच पानावर टिपा असतात. आर्डनच्या टिपा कधीकधी अर्ध्याहून जास्त पान खातात, ती दुसऱ्या वाचनाला. शेजारच्या पानावर आजच्या इंग्रजीत अनुवाद देणारी पुस्तकं शक्यतो नकोत. डोळा सोप्या पानावर जातो आणि परत येत नाही. मराठी चालेल का? विंदांचा 'राजा लिअर' मुळाशेजारी ठेवून जरूर वाचा. आगरकरांचं 'विकारविलसित' (हॅम्लेट) किंवा देवलांचा 'झुंझारराव' (ऑथेल्लो) हे मात्र आपल्या मातीत रुजवलेले अवतार, ओळीला ओळ जुळवायला गेलात तर चिडचिड होईल.

मॅकबेथनंतर ज्युलिअस सीझर, मग ट्वेल्फ्थ नाइट, हॅम्लेट चौथं. सीझर वाचताना तिसऱ्या अंकातली दोन भाषणं पानाकडे नुसतं बघूनही वेगळी कळतील. ब्रूटसचं गद्य आहे, ओळी समासापर्यंत भरलेल्या. अँटनीचं पद्य. आधी ब्रूटसचं वाचा, मोठ्याने, आणि तुम्हाला पटतंय का ते बघा.